सिलिंडर सात टनांचा की चारशे किलोचा? वजनाचा अंदाज कसा बांधायचा

तुमची सोलापुरातली सायझिंग (सुताला खळ लावून वाळवायचं युनिट) बऱ्याच दिवसांपासून बंद आहे आणि तिथला वाफेचा ड्रायिंग सिलिंडर काढून विकायचा आहे. बाहेरचा व्यास ८०० मिमी, लांबी १८०० मिमी. तुम्ही शाळेतलं 'पाय आर स्क्वेअर एच' लावलं, ७.८५ ने गुणलं आणि उत्तर सात टनांच्या वर गेलं. भंगारवाल्याने मात्र नुसता हात फिरवून "चारशे किलो भरेल" असं सांगितलं. म्हणून तुम्ही विचारताय, की भंगारवाला फसवतोय का, आणि तुमच्याकडची एक टनी चेन पुली हे उचलेल का. जोडीला त्याच मशीनच्या रबर चढवलेल्या रोलचंही वजन हवंय.

भंगारवाला वजनात फसवत नाहीये. फसवणूक झालीच तर ती दुसरीकडे होईल, त्याबद्दल पुढे लिहितो. चेन पुलीला मात्र लगेच 'हो' म्हणणार नाही, कारण सिलिंडरच्या पोटात काय आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही.

मी एमआयडीसीत फॅब्रिकेशन आणि लेथचं काम करतो. यंत्रमागवाल्यांचे बीम (ताण्याचं सूत गुंडाळायचे मोठे रूळ), सायझिंगचे रोल, आजूबाजूच्या साखर कारखान्यांचे सुटे भाग, सगळं दारात येऊन पडतं. प्रत्येक वेळी काट्यावर घालणं शक्य नसतं, त्यामुळे टेप आणि मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर वजन काढणं रोजचंच आहे. यात सूत्र सहसा चुकत नाही. आपण सूत्राला काय खाऊ घातलं ते चुकतं.

तुमचंच गणित घ्या. ०.४ मीटर त्रिज्येचा वर्ग गुणिले ३.१४१६ गुणिले १.८ म्हणजे ०.९०५ घनमीटर. घनमीटरला ७,८५० किलो लावले की ७,१०० किलो. गुणाकार अगदी बरोबर आहे. फक्त हे वजन ८०० मिमी व्यासाच्या, आरपार भरीव लोखंडी ओंडक्याचं आहे. तुमच्याकडे आहे तो डबा. घनफळ काढायचं ते धातूचं, धातूने वेढलेल्या पोकळीचं नव्हे.

मग डब्याचं वजन कसं काढायचं? यासाठी पत्र्याचा एक हिशोब लक्षात ठेवा, बाकी सगळं त्यावरून येतं. एक चौरस मीटर पत्रा एक मिमी जाड असेल तर त्यात बरोबर एक लिटर धातू असतो. एक लिटर लोखंड म्हणजे ७.८५ किलो. स्टेनलेस, ३०४ ग्रेडचं, ७.९३ किलो. म्हणून चौरस मीटर गुणिले मिमी गुणिले घनता केलं की थेट किलो हातात येतात. दशांशचिन्ह इकडचं तिकडे होण्याची भीती उरत नाही. आमच्याकडे नव्याने आलेली मुलं मिमीचे घन करत बसतात आणि एक शून्य हमखास खातात, म्हणून त्यांना मी हीच पद्धत शिकवतो.

तुमच्या सिलिंडरला पत्रा गुंडाळलाय असं समजा. परीघ ८०० गुणिले ३.१४१६, म्हणजे २.५१ मीटर. लांबी १.८ मीटर. क्षेत्रफळ झालं ४.५२ चौरस मीटर. जाडी तुम्ही 'भोकातून बघता दीड सूत वाटते' अशी लिहिली आहे. दीड सूत म्हणजे ४.८ मिमीच्या आसपास, आपण ५ धरू. ४.५२ गुणिले ५, म्हणजे २२.६ लिटर धातू. हा गुंडाळलेला पत्रा, म्हणजे शेल, स्टेनलेसचा धरून ७.९३ ने गुणा, १८० किलो.

आता दोन्ही तोंडांच्या डिश, म्हणजे तोंडं बंद करणाऱ्या फुगीर प्लेटा. ८०० मिमी व्यासाच्या गोलाचं क्षेत्रफळ ०.५०३ चौरस मीटर. त्या साधारण १२ मिमीच्या लोखंडी प्लेटच्या असतील असं धरतो, तुम्ही मोजून खात्री करा. एकीचं ४७ किलो, दोन्हींचं ९५. पण डिश सपाट नसते, फुगीर असते, त्यामुळे तिला गोलाच्या मापापेक्षा जास्त पत्रा लागतो. ११० धरा.

राहिले दोन्हीकडचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये बसणारी शाफ्टची टोकं. गोल बारसाठी बांधकामवाल्यांचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं: मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, की मीटरला किलो मिळतात. हे १६२ आभाळातून पडलेलं नाही. ०.७८५४ (म्हणजे पायचा चौथा भाग) गुणिले ७.८५ केलं आणि मिमीचे मीटर करताना हजाराने भागलं, की ०.००६१६५ येतं. त्याचं उलटं केलं की १६२. म्हणजे सळईचं सूत्र हेही तुमचंच सिलिंडरचं सूत्र आहे, फक्त लोखंडाची घनता आधीच आत घातलेली. १०० मिमीचा जर्नल असेल तर १०,००० भागिले १६२, म्हणजे मीटरला ६१.७ किलो. दोन्हीकडे ३५० मिमी बाहेर असेल तर ४३ किलो. वाफ आत जाण्यासाठी जर्नल मधून पोकळ असतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमीच भरेल. ते मी वजा करत नाही.

बेरीज ३३३ झाली. आतल्या रिंगा, कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं पाणी) उचलायची बादली किंवा सायफन, मॅनहोलचं झाकण, वेल्डिंग, नटबोल्ट हे बाहेरून मोजता येत नाही. त्यासाठी पंधरा-वीस टक्के चढवतो. सगळं मिळून ३८० ते ४०० किलो. बेअरिंगच्या हाउसिंगसकट किंवा गिअरसकट काढणार असाल तर तेवढं वेगळं. भंगारवाल्याच्या हाताला हा हिशोब नाही, पण असे बरेच डबे त्याने उचललेले असतात.

इथे सगळ्यात नाजूक आकडा कोणता ते बघा. पत्रा ५ ऐवजी ४ मिमीचा निघाला तर एकट्या शेलचे ३६ किलो कमी होतात, ६ चा निघाला तर तेवढेच वाढतात. उलट घनता ७.८५ धरली काय आणि ७.९३ धरली काय, शेलवर दोन किलोचाही फरक पडत नाही. लोक घनतेच्या तिसऱ्या आकड्यावर वाद घालतात आणि जाडी डोळ्याने ठरवतात. पोकळ वस्तूत जाडी हीच सगळं ठरवते. मॅनहोलच्या किंवा एअर व्हॉल्व्हच्या भोकाच्या काठावर व्हर्निअर लावा. तिथे कडेला रिंग वेल्ड केलेली असली तर रिंगसकट माप येतं, ते धरू नका. कुणाकडे अल्ट्रासॉनिक जाडीमापक असेल तर चार जागी बिंदू घ्या, खालच्या बाजूला विशेषतः, कारण बंद पडलेल्या सिलिंडरमध्ये पाणी खालीच साचून पत्रा खातं.

भरीव वस्तूत याच्या उलट. तिथे व्यास नाजूक, कारण त्याचा वर्ग होतो. व्यासात एक टक्का चूक झाली की वजनात दोन टक्के. म्हणून मी व्यास आडवी टेप धरून मोजतच नाही. टेप भोवती गुंडाळायची, परीघ वाचायचा आणि ३.१४१६ ने भागायचं. तुमच्या सिलिंडरला परीघ २,५१३ मिमीच्या आसपास यायला हवा. आडवी टेप कधी खरोखर मधोमध जाते आणि कधी बोटभर खाली-वर राहते, हे एकट्याने मोजताना कळत नाही. गुंडाळताना टेप तिरकी जाऊ नये एवढंच सांभाळायचं. आणि एका जागी नव्हे, दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजा. वापरलेला रोल मध्ये झिजलेला असतो.

साखर कारखान्याच्या मिल रोलरला व्यासाचा हाच मुद्दा वेगळ्या तऱ्हेने येतो. त्यावर भोवताली गोल फिरणारे व्ही खाचे पाडलेले असतात. टेप गुंडाळली की ती दातांच्या टोकांवर बसते आणि खाचांतली हवाही लोखंडात मोजली जाते. टोकावर ९१५ मिमी आणि खाच ४० मिमी खोल असेल, तर हिशोबाला ८७५ धरायचा, टोक आणि तळ यांच्या मधला. एवढ्यानेच घनफळ साडेआठ टक्क्यांनी उतरतं. शिवाय रोलरचं शेल बिडाचं आणि आतला शाफ्ट पोलादी, त्यामुळे दोन्हींचं घनफळ वेगवेगळं काढून बिडाला ७.२ आणि शाफ्टला ७.८५ लावायचं. तुमच्या कामाचं नाही, पण वाचणाऱ्या कुणाला लागेल.

आता पाणी. माझी खरी काळजी इथे आहे.

वाफेवर चालणाऱ्या सिलिंडरमध्ये कंडेन्सेट तयार होतं आणि ते सायफनने बाहेर जातं. मशीन बंद करताना शेवटचं पाणी काढलं नसेल, सायफन तुटलेला असेल, किंवा पत्र्याचं छप्पर गळून उघड्या भोकातून पावसाळे आत गेले असतील, तर ते पाणी अजून तिथेच आहे. तुमच्या सिलिंडरच्या पोटात सुमारे ८७० लिटर मावतात, म्हणजे ८७० किलो. रिकाम्या सिलिंडरच्या दुप्पट वजन तर नुसत्या पाण्याचं! काठोकाठ भरलेला असेल तर एकूण १,२७० किलो, आणि तुमची एक टनी चेन पुली बाद.

काठोकाठ सहसा नसतो. पण किती आहे हे कळायला आडव्या सिलिंडरचा एक विचित्रपणा माहीत हवा. खोली आणि पाणी एका प्रमाणात वाढत नाहीत. पाण्याची खोली व्यासाच्या दहाव्या भागाइतकी, म्हणजे ८ सेंमी असेल, तर फक्त ५ टक्के भरलेला असतो, ४५ किलो. खोली व्यासाच्या चौथ्या भागाइतकी, २० सेंमी असेल, तर पाव नव्हे, १९.५ टक्के. साधारण १७० किलो. निम्म्यावर मात्र बरोबर निम्मं. तळाशी पाणी हळू वाढतं आणि मध्यापाशी झपाट्याने. टॉर्च आणि एक सळई घ्या, भोकातून तळापर्यंत घाला, ओली किती झाली ते बघा. भोक नसेल तर थंडीच्या सकाळी शेलवर हात फिरवा, पाणी असेल तिथे पत्रा वेगळा लागतो. हातोडीने हलकं ठोकत वरून खाली आलात तर आवाज जिथे बसका होतो ती पाण्याची पातळी.

पाणी थोडं असलं तरी काढूनच उचला. वजनापेक्षा त्याची चाल वाईट. एक टोक जरा वर गेलं की सगळं पाणी दुसऱ्या टोकाला धावतं, ते टोक आणखी खाली बसतं, आणखी पाणी तिकडे जातं, आणि पट्टा जर्नलवरून सरकतो. दीडशे किलो पाणी जागेवर असेल तर नुसतं वजन आहे. धावायला लागलं की माणूस अडकतो.

भोक पाडायला गॅस कटर लावण्याआधी सगळे व्हॉल्व्ह आणि मॅनहोल उघडे करा. बंद भांड्यात पाणी असताना बाहेरून ज्योत लावली की आत वाफ कोंडते. हे मी सांगायला हवं असं नाही, पण घाईत नेमकं हेच केलं जातं.

तर पाणी काढलेलं आहे असं धरून: वजन ४०० च्या आसपास, जाडी ६ मिमी निघाली तरी ४३५. उचलण्यासाठी मी ५०० धरेन. इथे माझा एक नियम आहे. अंदाज कशासाठी हवाय त्यावर तो कुठे वाकवायचा ते ठरतं. उचलायचं असेल तर प्रत्येक शंकेच्या जागी जास्तीचा आकडा घ्यायचा. विकायचं असेल तर अंदाजावर व्यवहारच करायचा नाही, काट्यावर करायचा. 'साधारण बरोबर' असा एकच आकडा दोन्हीकडे वापरायला गेलात की कुठेतरी गोत्यात याल.

एक टनी चेन पुलीला ५०० किलो म्हणजे काहीच नाही, जर ती धड असेल तर. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २९ व्या कलमात अशी साधनं बारा महिन्यांतून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून तपासून घ्यायला सांगितलं होतं. बंद युनिटमध्ये गंजत पडलेली पुली शेवटची कधी तपासली ते तुम्हालाच ठाऊक. हुक उघडलेला दिसला, सेफ्टी लॅच नसली, किंवा साखळीची कडी लांबट झालेली दिसली, तर ती वापरू नका. भाड्याने चांगली मिळते.

पुली ठीक असली तरी ती टांगणार कशाला? जुन्या शेडचे अँगलचे ट्रस पत्रे आणि वारा सोसण्यासाठी असतात. मधल्या एका अँगलला पाचशे किलो लटकवण्यासाठी ते केलेले नसतात. तुमच्याकडे गर्डर असेल आणि तो भिंतीवर किंवा खांबावर नीट टेकलेला असेल तर ठीक. नसेल तर पाइपचा ट्रायपॉड उभा करा आणि त्याचे पाय घसरू नयेत म्हणून खाली साखळीने बांधा. काम थोडं लांबेल. लांबू द्या.

पट्ट्यांचा कोनही गणितात येतो. दोन पट्टे दोन जर्नलना लावून वर एका हुकात घेतले, तर दोघांवर निम्मं निम्मं वजन येतं असं वाटतं. तसं ते फक्त पट्टे सरळ उभे असतील तर. दोन पट्ट्यांमध्ये ६० अंशांचा कोन असेल तर प्रत्येकावर वजनाच्या ५८ टक्के, ९० अंशांना ७१ टक्के, आणि १२० अंशांना पूर्ण वजन प्रत्येक पट्ट्यावर. तुमचे जर्नल एकमेकांपासून दोन मीटरच्या वर लांब आहेत. छप्पर बुटकं म्हणून आखूड पट्टे लावले की कोन उघडत जातो आणि तेच पट्टे दुप्पट ओढले जातात. शिवाय ते आतल्या बाजूला ओढतात, म्हणजे जर्नलवरून शेलकडे सरकतात. पट्टे लांब घ्या, किंवा मध्ये एक चॅनलचा आडवा तुकडा टाकून पट्टे उभे ठेवा. शेलभोवती मात्र साखळी गुंडाळू नका. पाच मिमीचा पत्रा चेपतो, आणि चांगला शेल कुणी पुन्हा वापरायला घेणार असेल तर त्याची किंमत तिथेच भंगाराची होते.

रबरी रोलकडे येतो. बाहेरचा व्यास २३० मिमी, रबर १५ मिमी, लांबी १८०० मिमी असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे आतला लोखंडी भाग २०० मिमी. इथेही तोच प्रश्न, भरीव की पाइप? भरीव असेल तर २०० चा वर्ग भागिले १६२, मीटरला २४७ किलो, १.८ मीटरचे ४४४ किलो. पाइप असेल तर सूत्र वेगळं: बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, जाडीने गुणा, मग ०.०२४६६ ने गुणा, की मीटरला किलो. २० मिमी जाडीच्या पाइपला १८० गुणिले २० गुणिले ०.०२४६६, म्हणजे ८८.८ किलो, एकूण १६० किलो. (हेच सूत्र तुमच्या मोठ्या सिलिंडरच्या शेलला लावून बघा, लोखंड धरून १७६ येतात. वरच्या १८० शी जुळतं.) रबराचे वेगळे: १५ मिमीचा थर, सुमारे १८ लिटर, गिरणीच्या रबराला १.२ ची घनता धरली तर २२ किलो. जर्नल आणि तोंडाच्या प्लेटा धरून पाइपवाला रोल सव्वादोनशेच्या आसपास जाईल, भरीव असेल तर पाचशे.

बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतात. रबरावर ठोकून काही कळणार नाही, जर्नलच्या शेजारी उघड्या लोखंडी तोंडावर ठोका. पाइपला प्लेट बसवलेली असेल तर वेल्डिंगची गोल रेघ घासल्यावर दिसते. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे एक टोक उचलून बघणं, आणि त्यासाठी तुमच्याकडे काटा असणारच. सुताचा धंदा करणाऱ्या कुणाकडेही पोती तोलायचा तीनशे किलोचा प्लॅटफॉर्म काटा असतो. एक जर्नल लाकडी ठोकळ्यावर, दुसरा काट्यावर. दोन्ही जर्नलखाली गोल बारचा छोटा तुकडा आडवा ठेवा, म्हणजे रोल एका रेघेवर टेकेल. दोन्ही टेकू सारख्या उंचीवर हवेत. काटा दाखवेल त्याच्या दुप्पट म्हणजे वजन, रोल दोन्हीकडून सारखा असेल तर. एका बाजूला गिअर किंवा लांब शाफ्ट असेल तर टोकं बदलून पुन्हा घ्या आणि दोन्ही आकड्यांची बेरीज करा. बेरीज नेहमी बरोबर येते, दुप्पट कधी कधी. पाणी काढलेला मोठा सिलिंडरही असाच तोलता येईल, कारण एका टोकाला दोनशेच येणार आणि तीनशेचा काटा पुरतो. एक टोक जॅकने जरा उचलायला भिंतीवरचा गर्डरही लागत नाही.

घनतेबद्दल एक राहिलं, कारण सोलापुरात हा प्रश्न बीमच्या बाबतीत सारखा येतो. बीमवर किती सूत आहे हे सिलिंडरच्या सूत्राने काढता येतं का? येतं, पण घनता पुस्तकातली घेऊ नका. कापसाच्या तंतूची घनता १.५२ च्या आसपास सांगतात. ती तंतूची. बीमवर तंतूंमध्ये, धाग्यांमध्ये आणि थरांमध्ये हवाच हवा असते. समजा फ्लँजमधलं (बीमच्या दोन्ही कडांच्या चकत्यांमधलं) अंतर १५०० मिमी, सुताचा बाहेरचा व्यास ७००, आतल्या पाइपचा १५०. मोठ्याच्या वर्गातून छोट्याचा वर्ग वजा करून ०.७८५४ ने गुणा आणि लांबीने गुणा, ०.५५ घनमीटर येतं. १.५२ लावलं तर साडेआठशे किलोच्या जवळ जातं, आणि असा बीम दोन माणसं लोटत नेताना तुम्ही रोज बघता. प्रत्यक्षात बीमवर लिटरला अर्धा किलो सूत बसतं असं धरलं तर २७५ किलो.

हा 'अर्धा किलो' पण मी तुम्हाला छातीठोकपणे देणार नाही. ताण, काउंट (सुताच्या बारीकपणाचा आकडा), खळ किती चढली, बीम दाबून भरला की सैल, यावर तो हलतो. तुमच्याच एका बीमचं रिकामं आणि भरलेलं वजन घ्या, फरकाला घनफळाने भागा. ती तुमची घनता. तोच भरणा, तेच सूत असेल तोवर पुढच्या सगळ्या बीमना नुसती टेप पुरते. पडताळा हवा असेल तर काउंटवरून घ्या: १० काउंटचं सूत किलोला १६.९ किमी भरतं. १,८०० धागे गुणिले २,५०० मीटर म्हणजे ४,५०० किमी, भागिले १६.९, म्हणजे २६६ किलो. खळीचं वजन त्यावर. टेपचा आकडा आणि हा आकडा एकमेकांच्या जवळ आले तर काम झालं, फार लांब गेले तर कुठलं तरी माप खोटं आहे.

आता भंगारवाला. वजनात तो बरोबर निघाला, पण शेल कशाचा आहे हे त्याने तुम्हाला सांगितलं का? गिरण्यांच्या जमान्यातल्या सायझिंगवर तांब्याचे सिलिंडर असत, नंतर स्टेनलेस आले. लोखंड, स्टेनलेस आणि तांबं यांच्या भावात केवढी तफावत आहे ते तुम्हाला माहीतच आहे. वरच्या २२.६ लिटर धातूचं वजन लोखंडाचं असेल तर १७७ किलो, स्टेनलेसचं १८०, तांब्याचं २०२. म्हणजे वजनावरून तुम्हाला फरक कळणारच नाही, आणि भावात मात्र सगळा खेळ उलटतो. चुंबक लावा. घट्ट चिकटलं तर लोखंड. नाही चिकटलं तर कानस घेऊन एका कोपऱ्यात दोन-तीन घाव मारा. खळीचा काळपट थर निघून आत लालसर दिसलं तर तांबं, चंदेरी दिसलं तर स्टेनलेस. डिश आणि जर्नल लोखंडी असू शकतात, त्यामुळे चुंबक तोंडावर लावून निष्कर्ष काढू नका, मधल्या शेलवर लावा. भाव करताना शेलचा आणि बाकीच्याचा दर वेगळा मागा. 'सगळं मिळून अमुक किलो, लोखंडाच्या भावात' हे मान्य करू नका.

नेताना छोटा हत्ती बोलावणार असाल तर वजन त्याला झेपेल, लांबी झेपणार नाही. १८०० च्या शेलला दोन्हीकडचे ३५०-३५० चे जर्नल धरले की अडीच मीटर होतात, आणि त्याचा हौदा सात फुटांचा. मागचं फळकं उघडं ठेवून नेण्यापेक्षा पिकअप घ्या. शेलच्या दोन्ही अंगांना लाकडी पाचरी ठोका आणि पट्ट्याने खाली आवळा, नुसती दोरी चालणार नाही, गोल आहे. वे-ब्रिजवर रिकामी आणि भरलेली गाडी अशी दोन वजनं कराल, तेव्हा मोठ्या गाड्यांच्या काट्यावर आकडे दहा-दहा किलोंच्या टप्प्याने बदलतात, म्हणजे चारशे किलोच्या मालात दहा-वीस किलो इकडेतिकडे होऊ शकतात. शेल तांब्याचा निघाला तर तेवढ्याचे पैसेही कमी नाहीत. तसं असेल तर गाडीत चढवण्याआधीच आपल्या प्लॅटफॉर्म काट्यावर दोन्ही टोकं तोलून आकडा लिहून ठेवा आणि भंगारवाल्याची सही घ्या.